मिस्त्राल, मिस्त्री आणि मेजवानी

दक्षिण फ्रान्समध्ये ल्यूबेरों डोंगराच्या कुशीत मेनेर्ब नावाचे गाव आहे. त्या गावाजवळचे एक जुने दगडी शेतघर लंडन-न्यूयॉर्कच्या जाहिरातधंद्यातून बाहेर पडलेला एक इंग्रज लेखक आणि त्याची बायको विकत घेतात आणि तिथेच राहायला जातात. पीटर मेल यांच्या ‘अ इयर इन प्रोव्हान्स’ (१९८९) या पुस्तकाचे कथानक एवढेच. नळ फुटतात, गवंडी येतात आणि नाहीसे होतात, द्राक्षे पिकतात, पाहुणे उतरतात आणि पानोपानी जेवणे होतात. अशा पुस्तकाचे लाखो वाचक का व्हावेत आणि मी ते पुन्हा पुन्हा का उघडावे, याचे उत्तर मला त्यातल्या एका खाटकाच्या दुकानात मिळते.

कॉर्सिका बेटावरचा गोमांसाचा एक रस्सा घरी करायचा, म्हणून हे जोडपे मांस घ्यायला जाते. खाटीक नुसते मांस तोलून देत नाही. तुकडे केवढे करायचे, कशात परतायचे, मसाला कधी घालायचा, हे सगळे तो समोरच्या ठोकळ्यावर हातवारे करून दाखवतो. दुकानात थांबलेली इतर गिऱ्हाइके खोळंबा झाला म्हणून कुरकुरत नाहीत. माना डोलावून त्याच्या सांगण्याला दुजोरा देतात. प्रसंग छोटासाच आहे. पण त्यात मेल स्वतः कुठे उभे आहेत ते पाहावे. चव, आनंद, कौतुक यांबद्दल ते स्वतः काहीच बोलत नाहीत. बोलण्याचा सगळा हक्क खाटकाला दिला आहे आणि लेखक मुकाट्याने ऐकतो आहे. या पुस्तकाचा रस मला या ऐकण्यात वाटतो. ज्याने वर्षानुवर्षे दुसऱ्यांना वस्तू घ्यायला लावणारी वाक्ये लिहिली, तो माणूस इथे प्रत्येकाचा विद्यार्थी होतो.

प्लंबर मेनिकुची घ्या. जानेवारीत मिस्त्राल हा उत्तरेकडचा बोचरा वारा सुटतो, थंडीने पाइप फुटतात आणि मेनिकुची शिकाऊ पोऱ्याला घेऊन हजर होतो. पाइप जोडता जोडता तो थंडी का वाढली याचा सिद्धान्त मांडतो: पृथ्वीची गोलाई सपाट होत चालली आहे, म्हणून सैबेरियाचा वारा आता जवळच्या वाटेने थेट प्रोव्हान्सात येतो. मेल त्याला खोडून काढत नाहीत. पुढे कळते की हा गृहस्थ क्लॅरिनेटही वाजवतो. गावकऱ्यांची अर्कचित्रे काढली, असा आक्षेप या पुस्तकावर घेतला गेला. कोल्ह्याचे कालवण कसे करावे हे सांगणारा, परक्यांवर डाफरणारा शेजारी मासो वाचताना तो आक्षेप मलाही थोडा पटतो. पण मेनिकुचीच्या बाबतीत नाही. त्याच्या सिद्धान्ताला मेल जेवढी जागा देतात, तेवढीच त्याच्या कारागिरीलाही देतात.

पुस्तकाची बारा प्रकरणे म्हणजे जानेवारी ते डिसेंबर हे बारा महिने. महिन्यांच्या अशा बांधणीची ओळख मराठी वाचकाला दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्रा’मुळे आहेच. दुर्गाबाई चैत्रापासून फाल्गुनापर्यंत झाडे, आभाळ, पाखरे न्याहाळतात. मेल यांचा महिना मात्र माणसांवरून आणि ताटावरून ओळखू येतो. त्यांचे वर्षच मुळी १ जानेवारीच्या सहा पदार्थांच्या दुपारच्या जेवणाने उजाडते. या बांधणीने एक फार मोठे काम साधले आहे. हाताशी कॅलेंडर असल्यामुळे वाचकही वाट पाहू लागतो. फेब्रुवारीत स्वयंपाकघर फोडले जाते, त्या क्षणापासून ते पुरे कधी होणार, ही हुरहुर प्रत्येक महिन्याच्या मागे राहते. मिस्त्री तारीख सांगतो, पण सांगताना आडवा धरलेला हात किंचित डुलवतो; त्या डुलण्यावरून काय ते समजून घ्यायचे. अंगणासाठी घेतलेले दगडी मेज इतके जड की ते घराबाहेर येऊन पडते आणि तिथेच राहते. बऱ्याच हातांनी मिळून ते जागेवर नेले, तेव्हा वाचणाऱ्यालाही हायसे वाटते. साधे मेज, त्यावरचे साधे जेवण. पण तिथवर पोचायला किती जणांचा घाम लागला, याचा विसर मेल पडू देत नाहीत.

त्यांनी विसर पडू दिला आहे तो पैशाचा. घर, पोहण्याचा तलाव, महिनोन्‌महिने चालणारे बांधकाम, हे सगळे साध्या सुखाच्या हिशेबात कुठेच धरलेले नाही, आणि ही उणीव मला खरी वाटते. फोस्तँ आणि त्याची बायको ऑन्रिएत यांच्याकडे मेलांची द्राक्षबाग वाट्याने आहे: वेलींचा खर्च मालकाचा, राबणे फोस्तँचे, आणि पिकात दोघांचा वाटा. आपल्याकडे बटाईने जमीन कसणाऱ्या कुणालाही हा व्यवहार लगेच कळेल. तिथे आणखी थोडे थांबायला हवे होते. त्याऐवजी ऑगस्टमध्ये इंग्लंडहून येणाऱ्या आगंतुकांवर पाने खर्ची पडली आहेत. तो भाग मला पुस्तकातला सर्वांत फिका वाटतो, कारण तिथे मेल ऐकत नाहीत, फक्त तक्रार करतात.

आणि बायको. पुस्तकभर ती ‘माझी बायको’ आहे, तिला नाव नाही. बाजारात ती आहे, थंडीने गारठलेल्या खोलीत आहे, जेवणाच्या मेजाशी आहे, पण तिचे बोलणे अगदी मोजके. ज्याने खाटकाला, प्लंबरला, शेतकऱ्याला एवढे बोलू दिले, त्याने घरातल्या माणसाला इतके गप्प का ठेवावे, हे मला उमगत नाही. कारण डिसेंबर आला तरी काम अर्धवटच असते, धमक्या आणि विनवण्या संपलेल्या असतात, तेव्हा तोड तीच काढते. नाताळापूर्वी काम संपल्याचा आनंद साजरा करायला मिस्त्र्यांना बोलवायचे, आणि सोबत त्यांच्या बायकांनाही. नवऱ्याने केलेले काम बघायला प्रत्येकीला आवडणार, आणि आपले काम अपुरे दिसावे असे एकाही नवऱ्याला वाटणार नाही. वर्षभर या माणसांना ती किती बारकाईने पाहत होती, ते इथे कळते. निमंत्रणे जातात आणि भराभर एकेक कारागीर कामावर परततो. पलस्तर, फरशी, नळ, रंग, सगळे ठरल्या दिवसाच्या आत पुरे होते.