बार्बेरिनींच्या वाड्यातील भिक्षेकरी

वैराग्याचे नाटक श्रीमंताच्या वाड्यात व्हावे, यात नवल नाही. परंतु ज्या घराण्याने धर्मपीठाच्या बळावर अल्पकाळात अफाट संपत्ती जोडली, त्यानेच सर्वसंगपरित्यागी संताची कथा हौसेने रंगभूमीवर आणावी, याचे आम्हांस नेहमीच कुतूहल वाटत आले आहे.

१६२३ साली माफ्फेओ बार्बेरिनी हे आठवे उर्बान या नावाने पोप झाले. फ्रान्चेस्को व आन्तोनिओ हे त्यांचे पुतणे कार्डिनल झाले. फ्रान्चेस्कोच्या आश्रयाने १६३२ साली ‘सांत आलेस्सिओ’ ही संगीतिका रोममध्ये झाली. संगीत स्तेफानो लांदी यांचे. काव्य जूलिओ रोस्पिल्योसी यांचे. हेच कवी पुढे १६६७ साली स्वतः पोप झाले! आरंभीच्या संगीतिका बहुधा ग्रीक पुराणकथांत रमत. येथे मात्र हाडामांसाची माणसे आली.

आलेस्सिओ विवाहानंतर गृहत्याग करतो, भिक्षेकरी होऊन परततो आणि बापाच्याच घरी जिन्याखाली अनोळखी राहतो. सेवक त्याची टवाळी करतात. पत्नीचा आक्रोश त्याच्या कानी पडतो. ओळख द्यावी की न द्यावी, या द्वंद्वातील त्याचे स्वगत हा या कृतीचा प्राण होय. मृत्यूनंतर पत्राने ओळख पटते, तेव्हा माता, पिता व पत्नी यांचा एकत्रित विलाप लांदींनी असा बांधला आहे की, या ‘पुण्या’ची किंमत कोणी मोजली, हे श्रोत्यास विचारावेच लागत नाही. कवीचा कौल संताच्या बाजूने आहे. संगीताची साक्ष मात्र त्या तिघांच्या बाजूने पडते, असे आमचे मत आहे.

उलट, १६३४ च्या प्रयोगात पोलंडच्या राजपुत्रासाठी जोडलेली प्रस्तावना ही निव्वळ खुशामत होय. तिच्याविषयी अधिक न लिहिणे बरे.

सर्व भूमिका पुरुषांच्या होत्या. वाचकांस आपली जुनी संगीत रंगभूमी आठवेल. परंतु तेथील उंच स्वर बालपणीच खच्ची केलेल्या गायकांचे होते, हे विसरता येत नाही.

१६४४ साली उर्बान निवर्तले. नव्या पोपने हिशेब मागताच पुतण्यांनी फ्रान्सचा आश्रय घेतला. वकिली पेशामुळे आम्हांस हा भाग विशेष रुचतो. २००७ साली फ्रान्समध्येच, कां येथे, विल्यम ख्रिस्ती यांनी ही संगीतिका पुन्हा उभी केली. पात्रे पूर्वीप्रमाणे सारी पुरुष, आणि उजेड मेणबत्त्यांचा.