तबकडीचा न्याय

मैफलीत बसून गाणे ऐकणाऱ्याने तबकडीवर गाणे ऐकणाऱ्याकडे थोड्याशा कीवेने पाहावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. गाणे म्हणजे मैफल, आणि तबकडी म्हणजे तिची सावली, असे मानले जाते. मला हे पटत नाही. मुंबई-पुण्याच्या मैफली ज्याच्या वाट्याला क्वचितच येतात, अशा तालुक्याच्या गावातल्या शाळामास्तराला रागसंगीताचा कान आला असेल तर तो तबकडीनेच दिलेला असतो. शिवाय तबकडी एक गोष्ट अशी करते, जी मैफलीला कधीच साधत नाही. ती दोन गवई शेजारी शेजारी बसवते. मैफलीतले गाणे विरून जाते. पुढे त्याची तुलना करायची ती आठवणीशी, आणि आठवण मोठी पक्षपाती असते.

आमच्या गावात आम्ही पाचसहा जण रविवारी दुपारी जमतो. ज्याने त्याने आपल्या आवडीचे गाणे आणायचे, ते सर्वांनी ऐकायचे आणि मग बोलायचे. पूर्वी तबकड्या आणि कॅसेटी येत. आता पुष्कळशी गाणी मोबाईलमधूनच येतात. साधन बदलले, भांडण बदललेले नाही. ते नेहमी एकाच प्रश्नावर येऊन ठेपते : यांत मोठा कोण? परीक्षेचे पेपर तपासून मला गुण देण्याची सवय आहे, म्हणूनच सांगतो, की हा प्रश्न ऐकणाऱ्याचा कान बिघडवतो.

आमच्यात हमखास वाद पेटवणारे एक उदाहरण घेऊ. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी, 'पिया बिन नाही आवत चैन'. बालवयात भीमसेन जोशी या तबकडीने झपाटले आणि 1933 साली गुरूच्या शोधात घर सोडून गेले, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. पुढे ते खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे शिकले आणि हीच ठुमरी मैफलींतून गाऊ लागले. ही दोन गाणी एकामागून एक लावली, की मंडळींत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, नातवाने आजोबांवर मात केली. दुसरा म्हणतो, अस्सल ते अस्सल.

दोघेही ऐकत नाहीत. खाँसाहेबांची तबकडी तीन-साडेतीन मिनिटांची. एवढ्या अवधीत त्यांनी काय टाकले ते पाहावे. जोर टाकला, शब्दांचा अभिनय टाकला, श्रोत्याला जिंकून घेण्याची धडपड टाकली. त्यांचा बारीक, टोकदार आवाज स्वराला हलकेच स्पर्श करतो आणि तिथेच थांबतो. विरह सांगितला जात नाही, तो स्वरातून पाझरतो. भीमसेनांना तीन मिनिटांचे कुंपण नव्हते. त्यांनी दमसास आणला, भरदार पुकार आणली, समोर बसलेला समाज जमेस धरला. म्हणजे आजोबांनी जे वगळले, नेमके तेच नातवाने उचलले. हे एकदा कानी पडले, की कोण मोठा या प्रश्नाला अर्थ उरत नाही.

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून असे म्हणेन, की तबकडी म्हणजे मैफलीचे सार नव्हे. जशी लघुकथा म्हणजे कादंबरीचे सार नव्हे. 1902 साली कलकत्त्यात गौहरजानने तबकडीसाठी गायिले आणि शेवटी आपले नाव मोठ्याने सांगितले, तेव्हापासून आपल्या गायकांना एक नवाच सवाल पडला : रागाची ओळख तीन मिनिटांत कशी पटवायची? केसरबाई केरकरांची जुनी तबकडी लावा. प्रस्तावना जवळजवळ नाहीच. दोनचार आवर्तनांत राग उभा राहतो आणि मग तान लयीला बिलगून गोल फिरत येते. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली तीही त्यांची अशीच साडेतीन मिनिटांच्या आसपासची भैरवी.

अमीर खाँसाहेबांच्या मारव्याची लाँगप्ले ऐकल्यावर आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, जुन्या लोकांना फार घाई होती. हा न्याय झाला नाही. मारव्यात षड्ज टाळत टाळत, कोमल रिषभ आणि धैवत यांच्यावर श्रोत्याला टांगून ठेवायचे, तर हाताशी वेळ हवा. लाँगप्लेच्या एका बाजूवर वीस मिनिटे मिळत होती. जुन्या तबकडीवर दोन मिनिटे षड्ज टाळला, तर गाणे संपायलाच आले. पण म्हणून सगळे श्रेय लाँगप्लेला देणेही चूक. तीच वीस मिनिटे इतरांनाही मिळाली, आणि कित्येकांनी ती तानांनी भरून टाकली. साधन सवड देते. त्या सवडीचे काय करायचे हे गाणारा ठरवतो. तुलना करायची ती इथे.

आणखी एक पथ्य सांगतो. जुन्या तबकड्या सगळ्याच मिनिटाला 78 फेऱ्यांच्या वेगाने भरलेल्या नसत. वेग शेकडा सहाने वाढला, की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, आवाज बारीक होतो आणि तान धावू लागते. एका जुन्या गवयाच्या 'पातळ' आवाजावरून आमच्याकडे दोन रविवार वाद झाला. शेवटी यंत्राचा वेग कमी करून पाहिला, तर आवाज चांगला पुरुषी निघाला. संगीतावरचे किती अभिप्राय असे यंत्राच्या चुकीवर उभे असतील!

आणि ज्यांची तबकडीच नाही त्यांचे काय? अल्लादिया खाँसाहेब 1946 साली गेले, भास्करबुवा बखले 1922 साली. दोघांचाही आवाज आपल्याला ऐकायला मिळत नाही. खाँसाहेबांना आपण केसरबाईंच्या आणि मोगूबाईंच्या गाण्यातून ओळखतो. तबकड्यांच्या आधारे गवयांची प्रतवारी लावू लागलो, तर ज्यांच्यापासून ही गायकी निघाली त्यांनाच वर्गाबाहेर उभे करावे लागेल.

म्हणून रसिकांनी गाणी जरूर अदलाबदल करून ऐकावीत, शेजारी शेजारी ठेवावीत, वादही घालावा. फक्त मत देण्यापूर्वी दोन्ही गाणी पुन्हा एकदा लावावीत, आणि या खेपेला गवयाने काय गायिले यापेक्षा काय गायचे टाळले, तिकडे कान द्यावा.