गावठाणाची परिभाषा : नाशिकच्या विकास-नियमांचे एक भाषिक परीक्षण

शहराचा विकास कसा व्हावा हा प्रश्न नगररचनाकाराचा आहे. परंतु त्या विकासाचे नियम ज्या भाषेत लिहिले व वाचले जातात, ती भाषा तपासणे हे भाषाभ्यासकाचे काम आहे. नियमावली हाही एक ग्रंथच होय. तिला स्वतःची शब्दकळा असते, स्वतःची वाक्यरचना असते. आणि कोणत्याही ग्रंथाप्रमाणे तिला काही गोष्टी दिसतात व काही दिसत नाहीत. जुन्या नाशिकच्या बाबतीत हे न दिसणे केवळ शैलीचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. पावसाळा आला की जेथे एखाद्या वाड्याची भिंत खचते आणि घर रिकामे करण्याच्या नोटिसा लागतात, तेथे शब्दाची उणीव माणसाच्या डोक्यावरील छपरापर्यंत येऊन पोचते.

गोदावरीच्या उजव्या तीरावर, लहानमोठ्या टेकड्यांच्या चढउतारांवर वसलेला हा भाग आहे. तिवंधा, तांबट आळी, डिंगर आळी, मधली होळी, दहीपूल, भद्रकाली ही त्यातील काही नावे. नाशिकची नगरपालिका १८६४ साली स्थापन झाली, तेव्हा नाशिक म्हणजे प्रायः हाच भाग आणि पलीकडची पंचवटी. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली, तोवर सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती आणि सिडकोचे नवीन नाशिक यांनी शहराचा तोल पश्चिमेकडे व दक्षिणेकडे झुकविला होता. पुढे कॉलेज रोड व गंगापूर रोडचा विस्तार झाला. शहर वाढले आणि गाव ओसरले. ज्यांना शक्य होते ते कुटुंबासह बाहेर पडले. मागे राहिले ते दुकानदार, कारागीर, वृद्ध मालक आणि जुने भाडेकरू. ही ओहोटी थोपवावयाची कशी, हा आजच्या वादाचा विषय आहे. तो वाद ज्या संहितेभोवती फिरतो ती म्हणजे २०२० च्या डिसेंबरात मुंबई व काही क्षेत्रे वगळून सर्व राज्याला लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. आणि तिच्यामागे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम.

प्रथम ‘गावठाण’ हा शब्दच पाहावा. संस्कृत ‘ग्रामस्थान’ हे त्याचे मूळ. ‘स्थान’ याचे प्राकृतातील ‘ठाण’ मराठीत तसेच राहिले. परंतु ही शब्दाची कुळकथा झाली. त्याचा आजचा व्यवहार महसुलाचा आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत गावठाण म्हणजे कलम १२२ अन्वये निश्चित केलेली, गाव, नगर वा शहर यांच्या जागेतील जमीन. म्हणजे हा शब्द शेतजमिनीच्या संदर्भातून घडला: जेथे पिकत नाही व जेथे लोक राहतात ती जागा. मराठीच्या जुन्या ग्रामव्यवहारात याच भेदाला ‘काळी’ आणि ‘पांढरी’ अशी नावे होती. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या राखेने, मातीच्या भिंतींनी व चुलींनी पांढरट झालेली. पुरातत्त्वज्ञ आजही जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढर म्हणतात. नाशिकच्या जुन्या गढीवर १९५०–५१ साली डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले, ते अशाच पांढरीचे. ‘पांढरी’ या शब्दात वस्तीचा काळ साठलेला आहे. ‘गावठाण’ या शब्दात केवळ सीमा उरली आहे. नगररचनेच्या परिभाषेत तर गावठाण आणखी एका वर्गात, ‘दाट वस्तीचा भाग’ या वर्गात, जाऊन बसते. तेथे वस्तीची ओळख तिच्या दाटीवरून पटते. म्हणजे तिच्या दोषावरून पटते.

दुसरा शब्द वादाच्या केंद्रस्थानी असलेला: ‘चटई क्षेत्र निर्देशांक’. फ्लोअर स्पेस इंडेक्ससाठी रूढ झालेला हा पर्याय. भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे तो सांगतो. परंतु कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या भिंतींच्या आतील वापराची जागा, यालाही मराठीत ‘चटई क्षेत्र’च म्हणतात. एकाच पदाने दोन निराळ्या कल्पना दर्शविल्या जातात, आणि त्या कल्पना दोन निराळ्या पक्षांच्या हिताच्या आहेत. ‘वाढीव चटई क्षेत्र मिळणार’ हे वाक्य मालक ऐकतो तेव्हा त्याच्या मनात बांधता येण्याजोगे मजले उभे राहतात. दोन खोल्यांत राहणारा भाडेकरू तेच वाक्य ऐकतो तेव्हा आपली चटई पसरण्याची जागा वाढणार असे त्याला वाटते. दोघेही मराठी बरोबर समजतात. चूक परिभाषेची आहे. आणि करारावर सही होईपर्यंत ती ध्यानात येत नाही.

शब्दांनंतर वाक्यरचना. ‘अनुज्ञेय राहील’, ‘सोडणे आवश्यक राहील’, ‘विचारात घेण्यात येईल’ ही नियमभाषेची ठरीव क्रियापदे. त्यांत कर्ता नसतो. कायद्याला ही अकर्तृकता काही अंशी आवश्यकच आहे, हे मान्य करावयास हवे. नियम व्यक्तिनिरपेक्ष असावा लागतो. तथापि येथे प्रश्न असा की, कर्ता गेला तरी कर्म कोणते शिल्लक राहते? भूखंड राहतो, रस्त्याची रुंदी राहते, उंची राहते. मोडकळीस आलेल्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या तरतुदींत भाडेकरू अवश्य येतो. पण तो व्यापलेल्या क्षेत्रफळाच्या रूपाने येतो. तळमजल्यावर त्याचे दुकान आहे आणि वर घर आहे, त्याची उपजीविका समोरच्या आळीवर अवलंबून आहे, हे त्या क्षेत्रफळात मावत नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली निघणारी धोकादायक बांधकामाची नोटीस वास्तूची अवस्था सांगते. त्या अवस्थेचे कारण सांगत नाही. १९४७ च्या मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्याने, व त्याची जागा घेणाऱ्या १९९९ च्या कायद्याने, भाडेकरूला संरक्षण दिले; परंतु गोठलेल्या भाड्यातून दुरुस्ती कशी व्हावी याचे उत्तर मिळाले नाही. ‘धोकादायक’ हे विशेषण भिंतीला लागते. त्या भिंतीचा इतिहास त्यातून निसटतो.

आता मुख्य मुद्द्याकडे यावे. नियमावली वस्तीची दोन परिमाणे ओळखते. एक भूखंड, दुसरे समूह. भूखंडाचे नियम जुन्या नाशकाला पेलत नाहीत, कारण येथील वाडा अरुंद तोंडाचा व लांबट असतो, शेजाऱ्याशी त्याची भिंत सामायिक असते, आणि बांधकामाची मुभा बहुतांशी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. आळीच जेथे अरुंद, तेथे मुभाही अल्प. एखाद्याने नवे बांधकाम केलेच, तर त्याला आळीच्या मध्यरेषेपासून अंतर सोडून मागे सरावे लागते. शेजारचा वाडा मात्र पुढेच राहतो आणि त्याची आजवर झाकलेली भिंत पावसात उघडी पडते. म्हणजे एका घराची सुधारणा दुसऱ्या घराच्या पडझडीचे निमित्त ठरू शकते. या अडचणीतून सुटण्यासाठी नाशकात अनेक वर्षे समूह विकासाची मागणी होत आली आहे. अनेक मिळकती एकत्र करून, मोठे रस्ते काढून, उंच इमारती उभाराव्या असा तिचा आशय. परंतु समूह झाला की आळी उरत नाही. भूखंड आळीहून लहान आहे आणि समूह आळीहून मोठा आहे. या दोहोंमध्ये जे परिमाण प्रत्यक्ष जीवनात नांदते, त्याला नियमावलीत नावच नाही.

आळी म्हणजे ओळ, घरांची ओळ. ती केवळ वाट नव्हे. सामायिक भिंती, समोरासमोरचे ओटे, पाण्याचा उतार, एका व्यवसायाची वा देवस्थानाची सोबत, यांनी बांधलेली ती एक रचना आहे. पुराच्या बाबतीत तिचे महत्त्व विशेष जाणवते. १९६९ व २००८ सालच्या महापुरांची आठवण जुन्या नाशकात अजून सांगितली जाते. आज नकाशावर निळी व लाल अशा दोन पूररेषा आहेत: पहिली पंचवीस वर्षांत, दुसरी शंभर वर्षांत एकदा संभवणाऱ्या पुराची. गोदाकाठच्या माणसाचे माप निराळे आहे. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की गळ्याला, असे तो विचारतो. शास्त्रीय रेषा अधिक नेमकी आहे यात संशय नाही. परंतु दहीपुलाखाली सरस्वती नाला आजही रस्त्याच्या पोटातून वाहतो आणि मुसळधार पावसात सराफ बाजारात पाणी आणतो. ‘पूल’ हा शब्द त्या ठिकाणी टिकून आहे, त्याखालचा प्रवाह मात्र दृष्टीआड झाला आहे. स्थलनाम येथे नकाशाला पूरक असा पुरावा ठरते. पूरक्षेत्रातील पुनर्बांधणीचे जोते लाल रेषेच्या पातळीहून वर उचलावे, हा नियम एकेका इमारतीला वाचवितो. पण चार जोती चार उंचींची झाली, तर आळीतले पाणी कोणाच्या दारात साचेल, हा प्रश्न भूखंडाच्या व्याकरणात विचारताच येत नाही.

याचा अर्थ जुने ते सर्व निर्दोष, असा घेणे चुकीचे होईल. वाड्यांविषयीचे आजचे स्मरणरंजन हेही एक अपुरे वाचन आहे. त्यात चौकातली तुळस येते. भाडेकरूंच्या अंधाऱ्या खोल्या, सामायिक शौचकूप, अग्निशामक गाडी न शिरणारी वाट ही येत नाहीत. सरकारवाड्यासारखी संरक्षित वास्तू वा वारसा-यादीतली श्रेणी एका वास्तूला आधार देते, वस्तीला नाही. शिवाय परंपरेची परिभाषाही निष्पाप नव्हती. पांढरीला गावकूस होते, आणि गावकुसाबाहेर कोणी राहावे हे ठरलेले होते. तोही विभागनियमच होता. त्यावर हरकत घेण्याची सोय मात्र नव्हती. २ मार्च १९३० रोजी पंचवटीत काळाराम मंदिराच्या दारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सत्याग्रह ही त्या अलिखित नियमावलीवरची हरकत होती. लिखित नियमाचे मोल येथे कळते. तो वाचता येतो, तपासता येतो, बदलता येतो.

म्हणूनच अपेक्षा आहे ती नियम रद्द करण्याची नव्हे, तर त्याची परिभाषा पुरी करण्याची. ‘चटई क्षेत्र’ या पदाचे दोन अर्थ दोन पदांत विभागणे, सामायिक भिंतीची व्याख्या करून एका घराच्या पुनर्बांधणीत शेजारच्या भिंतीची जबाबदारी नेमून देणे, आणि भूखंड व समूह यांच्या दरम्यान आळी हे नियोजनाचे परिमाण म्हणून स्वीकारणे, ही तीन कामे परिभाषेची दिसत असली तरी परिणामी ती घरांची आहेत. रुंदी, जोत्याची पातळी, पाण्याचा निचरा आणि भाडेकरूंचे पुनर्वसन यांचा विचार आळीगणिक एकत्र झाला, तर मालक, भाडेकरू व वारसाप्रेमी यांचा वाद मिटेल असे नाही. पण तो एकाच गोष्टीविषयी तरी होईल. आज तिघेही तीन निरनिराळ्या वस्तूंविषयी बोलत आहेत: पहिला मजल्यांविषयी, दुसरा खोल्यांविषयी, तिसरा नक्षीदार खांबांविषयी. ज्या आळीत या तिन्ही गोष्टी एकत्र नांदतात, तिचे नाव घरपट्टीच्या बिलावर आहे, पत्रावर आहे, लोकांच्या तोंडी आहे. नियमावलीत तेवढे ते यावयाचे राहिले आहे.