थेंबभर रक्ताची अर्धी गोष्ट

जॉन कॅरीरू यांचे ‘बॅड ब्लड’ हे २०१८ सालचे पुस्तक शिक्षकांनी जरूर वाचावे. एलिझाबेथ होम्स यांनी २००३ मध्ये अमेरिकेत थेरानोस कंपनी काढली. दंडाच्या शिरेत सुई न खुपसता बोटाच्या थेंबभर रक्तातून शेकडो तपासण्या करू, असा कंपनीचा दावा होता. तो किती पोकळ आहे हे कॅरीरू यांनी २०१५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलमधून उघड केले. २०२२ मध्ये होम्स यांना गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल सव्वाअकरा वर्षांची शिक्षा झाली.

लबाडी, दडपण, वकिलांच्या धमक्या हे सारे पुस्तकात छान रंगले आहे. माझी तक्रार वेगळी आहे. हा बेत शरीरशास्त्राशी कुठे अडत होता, याला लेखकाने फारच थोडी जागा दिली आहे.

बोटातून येते ते निव्वळ शिरेतले रक्त नव्हे. केशवाहिन्यांत रोहिण्यांकडून आलेले आणि शिरांकडे चाललेले असे दोन्ही रक्त असते. त्यात ऊतींमधला द्रवही मिसळतो. बोट पिळले की हा द्रव वाढतो आणि तांबड्या पेशी फुटतात. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्या रक्तद्रवाच्या वीस पटींहून जास्त! थोड्या पेशी फुटल्या तरी धडधाकट माणसाचा अहवाल घाबरवणारा येतो. राईस विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये एकाच टोचणीतले लागोपाठचे थेंब तपासले. हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशींचे आकडे थेंबागणिक बदलत होते. शिरेतल्या रक्ताइतका भरवसा यायला सहा ते नऊ थेंबांची सरासरी घ्यावी लागली.

थेरानोसने तर थेंब पुरेना म्हणून तो पातळ करून बाजारातल्या नेहमीच्या यंत्रांत घातला. जो पदार्थ मुळातच विरळ, तो मग यंत्राच्या मोजपट्टीखाली जाणारच. अकरावीचा विद्यार्थीसुद्धा हे सांगेल. लेखक तेही सांगतात, पण गोष्टीच्या ओघात ते वाहून जाते.

त्यामुळे पुस्तक मिटताना बोटाचे रक्त म्हणजेच फसवणूक असा समज होण्याची भीती आहे. आपल्याकडे हिवतापासाठी आरोग्यसेवक बोट टोचूनच काचपट्टी करतात. रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकात नवजात बाळाच्या टाचेतला थेंब टिपकागदावर वाळवून एका आनुवंशिक विकाराची चाचणी रूढ केली. या ठिकाणी प्रश्न एकच आणि ठरलेला असतो, आणि त्या प्रश्नापुरता थेंब आधी पारखलेला असतो. घरच्या ग्लुकोमीटरचेही तसेच. मात्र जेवणानंतर बोटातली साखर शिरेतल्यापेक्षा जास्त भरते, हे तो वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.