‘अमृतमंथना’वरील जर्मन छाया : एक प्रमाणचर्चा

मुळशी पेट्यांतील जुनीं दप्तरें पाहण्यासाठीं आमचें अधूनमधून जाणें होतें. गेल्या हिवाळ्यांत धरणाच्या काठच्या एका गांवीं असेच कागद चाळीत बसलों असतां, तेथें आलेल्या एका तरुण अभ्यासकांनीं बोलण्याच्या ओघांत एक विधान केलें. “प्रभातचें ‘अमृतमंथन’ ही जर्मन चित्रपटांची नक्कल होय, ही गोष्ट आतां सर्वमान्य आहे.” आम्हीं आधार विचारला. “सर्वच तसें लिहितात,” असें उत्तर मिळालें. घरचे वृद्ध यजमान इतका वेळ उगाच ऐकत होते. त्यांची वडिलोपार्जित जमीन धरणाच्या पाण्याखालीं गेलेली. ते म्हणाले, “आमचें शेत कोठें होतें हें सांगायचें तर आम्हांला कागद दाखवावा लागतो. सिनेमाचें मात्र नुसतें सांगितलें कीं झालें काय?”

यजमानांचा प्रश्न वाजवी आहे. मुळशीचा सत्याग्रह १९२१ पासून १९२४ पर्यंत चालला. सेनापति बापट त्याचे अग्रणी. पुढें १९२७ सालीं भिरा येथील वीजगृह सुरू झालें आणि मुळशीच्या पाण्यावर निघालेली वीज मुंबईकडे जाऊं लागली. बुडालेल्या शेताची शीव आज कागदावरच उरली आहे. चित्रपटाची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. पडद्यावरील चित्र क्षणांत विरून जातें. मागें राहते ती प्रत, आणि प्रत नाहींशी झाली कीं उरते ती आख्यायिका. म्हणून उपरिनिर्दिष्ट विधानाची छाननी, आपण एखाद्या बखरीची करतों तशीच, करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम निर्विवाद गोष्टी सांगूं. प्रभात फिल्म कंपनी १९२९ सालीं कोल्हापुरांत स्थापन झाली आणि १९३३ सालीं पुण्यास आली. त्याच सालच्या ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती काढण्यासाठीं व्ही. शांताराम जर्मनीस गेले होते. रंग मनासारखे उतरले नाहींत. परंतु तेथील चित्रशाळा व यंत्रसामग्री त्यांस जवळून पाहावयास मिळाली. परत आल्यावर १९३४ सालीं ‘अमृतमंथन’ निघालें. पुण्याच्या नव्या चित्रशाळेंत तयार झालेला हा पहिला बोलपट होय. त्यांतील राजगुरूच्या डोळ्यांचें पडदाभर दिसणारें चित्र टेलिफोटो भिंगानें घेतलेलें असून तें प्रेक्षकांच्या स्मरणांत कायमचें राहिलें. अंधारलेलें देवालय, ज्योतींचा हलता उजेड आणि त्यांत उजळणारे चेहरे हीं या चित्रपटाचीं ठळक लक्षणें आहेत. जर्मन प्रवास आधीं आणि ‘अमृतमंथन’ लगेच मागून, एवढ्या क्रमावरून नकलेचा सिद्धांत उभा केला जातो.

आतां काळाचा मेळ घालून पाहूं. नकलेचा पक्ष मांडणारे ज्याला जर्मन चित्रपट म्हणतात तो मुख्यतः १९२० नंतरच्या सहासात वर्षांतील अभिव्यक्तिवादी मूकपट होय. ‘डॉ. कॅलिगरी’ १९२० चा, ‘नोस्फेरातू’ १९२२ चा, ‘मेट्रोपोलिस’ १९२७ च्या जानेवारींतला. मुर्नाउ १९२६ सालींच अमेरिकेस गेला आणि १९३१ सालीं वारला. १९३३ च्या जानेवारीअखेर हिटलर अधिकारावर आला. मार्चमध्यें उफा कंपनीनें आपल्या ज्यू नोकरांस काढण्यास आरंभ केला. फ्रिट्झ लांग यानेंहि त्याच वर्षीं देश सोडला. तात्पर्य, १९३३ च्या जर्मनींत जाणाऱ्या माणसास जी चित्रसृष्टि चालू अवस्थेंत दिसणार ती बोलपटांची व गीतपटांची, कॅलिगरीची नव्हे. नाना फडणीस वारल्यानंतर पुण्यास आलेल्या प्रवाशानें नानांचा दरबार पाहिला असें म्हणण्यासारखें हें आहे. जुने मूकपट त्या प्रवासांत वा अन्यत्र पाहिले असणें अशक्य नाहीं. पण तें सिद्ध करण्याचा भार नकलेचा पक्ष मांडणारावर पडतो. तारखेची जाहिरात, समकालीन पत्र किंवा रोजनिशींतील नोंद असें कांहीं तरी त्यांनीं पुढें ठेवावें. शांतारामांचें आत्मचरित्र त्यांच्या उत्तरायुष्यांत प्रसिद्ध झालें. तें मोलाचें आहे, परंतु घटनेनंतर अर्धशतकानें सांगितलेली हकीकत व घटनेच्या वेळचा कागद यांचें वजन एकच धरतां येत नाहीं, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

शिवाय छायाप्रकाशाची ही विद्या आपणांकडे येण्यास बर्लिनचा एकच रस्ता होता असें नाहीं. जर्मन दिग्दर्शक व छायालेखक पुष्कळसे अमेरिकेस गेले. ‘ड्रॅक्युला’ (१९३१) चा छायालेखक कार्ल फ्रॉइंड हा ‘मेट्रोपोलिस’च्या छायालेखकांपैकींच एक. आणि हिंदुस्थानांत त्या काळीं लागणारे परदेशी चित्रपट बहुतांशीं अमेरिकन असत. तेव्हां जी छाया जर्मन म्हणून ओळखली जाते ती हॉलिवुडच्या वाटेनें आली असण्याचाहि संभव आहे.

दुसरा रस्ता तर घरचाच होता. शांताराम, दामले, फत्तेलाल हे सर्व बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत तयार झालेले. पेंटर हे मूळचे चित्रकार. नाटकांचे पडदे रंगवीत ते चित्रपटाकडे वळले. आकृति कोठें उजळावी आणि कोठें काळोखांत सोडावी याची जाण त्यांच्या हाताखालीं शिकलेल्यांस कुंचल्यामधून आलेली होती. त्यांच्या ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्यें जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी स्वतः शांतारामांनींच वठविला. मुळशीच्या शेतकऱ्यांचा लढा नुकताच संपला होता, अशा वेळचें हें चित्र आहे. त्याची कथा नारायण हरि आपटे यांची आणि ‘अमृतमंथना’चें कथानकहि आपट्यांच्याच ‘भाग्यश्री’ कादंबरीवरून घेतलेलें. बळी बंद करणारा राजा व त्याच्या जिवावर उठलेला राजगुरु हा झगडा बर्लिनहून आणण्याचें कारण नव्हतें. तो छापील मराठी पुस्तकांत तयारच होता.

येथें एका पाठभेदाकडेहि लक्ष वेधणें अवश्य आहे. ‘अमृतमंथन’ मराठी व हिंदी अशा दोन भाषांत निघालें. हिंदींत राजगुरूची भूमिका चंद्रमोहन यांची. मराठींत ती केशवराव दाते यांची. एका कथेच्या या दोन वाचना आहेत. तथापि या चित्रपटावर लिहिणारे बहुतेक लेखक चंद्रमोहनच्या डोळ्यांचें वर्णन करितात आणि निष्कर्ष मात्र मराठी चित्रपटाविषयीं काढतात. दाते हे मराठी रंगभूमीवर मुरलेले नट. त्यांचा राजगुरु ‘जर्मन’ कितपत आणि नाटकी कितपत हा प्रश्न स्वतंत्र आहे. कोणत्या वाचनेवरून आपण बोलतों हें न सांगणारा टीकाकार पोथीचा क्रमांक न देतां पाठ उद्धृत करणाऱ्या संपादकासारखाच दोषी होय.

आतां उलट बाजूचें उदाहरण घेऊं. जर्मन माणसें प्रत्यक्ष कामास असलेली चित्रसंस्था मुंबई इलाख्यांत होती. पण ती पुण्यास नव्हे, मालाडला. हिमांशु राय यांनीं १९३४ सालीं बॉम्बे टॉकीज काढली. दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेन व छायालेखक योसेफ विर्शिंग हे तिचे आधारस्तंभ होते. राय व ओस्टेन यांचा सहवास ‘प्रेम संन्यास’ (१९२५), ‘शिराझ’ (१९२८) व ‘प्रपंच पाश’ (१९२९) या मूकपटांपासूनचा. असें असूनहि ओस्टेनचें गाजलेलें ‘अछूत कन्या’ (१९३६) पाहावें तर त्यांत रेल्वेचें फाटक, खेडें आणि झाडावर बसून म्हटलेलें गाणें. कॅलिगरीच्या वांकड्या भिंती तेथें कोठेंच नाहींत. जेथें जर्मन माणसें होतीं तेथें टीकाकारांस जर्मन छाया विशेष दिसत नाहीं, आणि जेथें एकहि जर्मन नव्हता तेथें ती ठसठशीत दिसते! विर्शिंगनेंच पुढें टिपलेल्या ‘महल’ (१९४९) मध्यें गडद सावल्यांचा खेळ आहे, हें आम्ही मान्य करतों. परंतु त्यावरून एवढेंच निघतें कीं कारागीर कथेस लागेल तसा उजेड पाडतो. आपली जन्मभूमि तो प्रत्येक चौकटींत छापीत बसत नाहीं.

या मालाडच्या मंडळींविषयीं लिहितांना एक गोष्ट झांकूं नये. ओस्टेन हा नाझी पक्षाचा सभासद होता. १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच त्यास व विर्शिंगला स्थानबद्ध करण्यांत आलें. विर्शिंग पुढें येथेंच राहिला आणि १९६७ सालीं मुंबईंत वारला. कलेचें ऋण मान्य करणें आणि माणसाचा पक्ष नमूद करणें हीं दोन्ही इतिहासकाराचीं कर्तव्यें होत. एकासाठीं दुसरें टाकूं नये.

तर मग नकलेचा हा सिद्धांत इतका बळावला कसा? आमच्या मतें त्याचें मूळ दोन ग्रंथांत आहे. १९४७ सालीं झिगफ्रीड क्राकाउअर यानें ‘कॅलिगरीपासून हिटलरपर्यंत’ हा ग्रंथ लिहून जर्मन चित्रपटांत पुढील हुकूमशाहीचीं पूर्वचिन्हें दाखविलीं. १९५२ सालीं लोटे आइस्नर या विदुषीनें त्याच चित्रपटांचा संबंध राइनहार्टच्या रंगभूमीशीं व जर्मन स्वच्छंदतावादाशीं जोडला. पहिल्याचें वाचन ग्रंथ म्हणून मोठें, पण त्यांत पानिपतानंतर लिहिलेल्या बखरीचा दोष आहे. शेवट ठाऊक असल्यामुळें प्रत्येक धूमकेतु अपशकुन ठरतो. दुसरीची दृष्टि आम्हांस अधिक ग्राह्य वाटते, कारण ती चित्राचें मूळ चित्राशेजारच्या कलांत शोधते. आपल्याकडील टीकाकारांनीं आइस्नरबाईंची परिभाषा उचलली. पद्धति मात्र घेतली नाहीं. ती घेतली असती तर ते राइनहार्टच्या जागीं मराठी रंगभूमीकडे आणि कोल्हापूरच्या चित्रकारांकडे गेले असते.

आमचा निर्णय असा : यंत्र, भिंग व रसायन यांबाबत जर्मनीचें ऋण साधार आहे. प्रकाशयोजनेबाबत तें संभाव्य आहे, पण एकट्या जर्मनीचें नाहीं. कथा व तिचा आशय यांबाबत तें निराधार आहे. ‘नक्कल’ हा शब्द त्यामुळें टाकावा. तो शब्द राहिला तर पेंटर, आपटे व दाते या तिघांचा वांटा परस्पर बर्लिनच्या खात्यावर जमा होतो. आमचा आक्षेप आहे तो या अन्यायाला.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. ‘नोस्फेरातू’च्या सर्व प्रती नष्ट कराव्या असा जर्मन न्यायालयानें १९२५ सालीं हुकूम दिला, तरी दूरच्या प्रती राहिल्या म्हणून तो चित्रपट आज आहे. ‘मेट्रोपोलिस’चा कापून टाकलेला बराचसा भाग २००८ सालीं ब्युएनोस आयरिस येथील एका घासलेल्या, लहान आकाराच्या प्रतींत सांपडला आणि २०१० सालीं तो जोडून दाखविण्यांत आला. दूर देशींच्या मठांत एखाद्या ग्रंथाची पूर्ण पोथी मिळावी तसाच हा प्रकार. विर्शिंगचीं छायाचित्रें वंशजांनीं जपलीं म्हणून २०१७ सालीं पणजी येथें त्यांचें प्रदर्शन होऊं शकलें. उलट आमच्या पुण्यांत, ज्या आवारांत ‘अमृतमंथन’ तयार झालें त्याच आवारांत, ८ जानेवारी २००३ रोजीं नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली आणि प्रभातचा अमोल ठेवा जळून गेला. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यास आहे. परंतु एका कोठारावर सर्व भिस्त ठेवणें किती धोक्याचें तें त्या दिवशीं दिसून आलें.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं दप्तरें तपासतांना मोडी फर्मानांखालीं दडलेलीं बोलपटांचीं गीतपुस्तकें, हस्तपत्रकें, तिकिटें, छायाचित्रें व पत्रें रद्दी म्हणून टाकूं नयेत. त्यांवरील तारीख, गांव व चित्रगृहाचें नांव टिपून ठेवावें. एखाद्या जाहिरातीवरून कोणत्या सालीं पुण्यास कोणता जर्मन मूकपट लागला हें ठरेल, आणि आमचा वरील निर्णय त्यानें फिरला तर तो फिरविण्यांत आम्हांस संकोच वाटणार नाहीं. मुळशीच्या यजमानांनीं मागितला होता तो एवढाच कागद. इत्यलम्.