वस्तू माझी, कुलूप कोणाचं?

मागच्या वेळी आपण 'स्वत्व' या शब्दापाशी थांबलो होतो. एखादी वस्तू 'माझी' आहे म्हणजे नेमकं काय? आज तोच प्रश्न पुढे न्यायचा आहे, पण पोथीवरून नाही, एका लॅपटॉपवरून.

माझी पुतणी इथे सात रस्त्याला आमच्या घरी राहून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. कंपनी बंद पडली. शेवटच्या पगारातून पैसे कापून लॅपटॉप तिला देऊन टाकला, तसं पत्रही दिलं. दीड वर्ष तो बिनबोभाट चालला. माझी अकरा व्याख्यानं तिने त्यावरच टंकलिखित केलेली. गेल्या महिन्यात एक अपडेट झालं आणि पडदा निळा झाला. ४८ आकडी रिकव्हरी की मागू लागला. ती की ठेवलेली होती कंपनीच्या जुन्या खात्यात, आणि ते खातं कंपनीबरोबरच बंद झालेलं.

दुरुस्तीवाला भला माणूस. म्हणाला, "सर, फॉरमॅट केलं तर आतलं सगळं जाईल. आणि एवढं करूनही इंटरनेट जोडलं की परत कंपनीचंच लॉगिन येईल." म्हणजे कुलपं दोन आहेत, हे लक्षात घ्या. पहिलं मजकुरावर. बिटलॉकर हार्ड डिस्कवरचा मजकूर गूढाक्षरात ठेवतं, की नसेल तर तो वाचता येत नाही. दुसरं यंत्रावर. कंपनीने त्या यंत्राची ओळख ऑटोपायलटसारख्या यादीत नोंदवलेली असते. ती यादी लॅपटॉपमध्ये नसतेच, दूर सर्व्हरवर असते. त्यामुळे विंडोज कितीही वेळा नव्याने टाका, नाव यादीतून काढल्याशिवाय सुटका नाही.

आता यावर दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, "कंपनीचं ते कंपनीचं, सोडून द्या." दुसरं म्हणतं, "बाजारात कोणीतरी लॉक तोडून देतो." मला दोन्ही आळशी वाटतात. पहिलं मत पुतणीने मोजलेले पैसे विसरतं. दुसरं मत कुलूप मुळात का लावलं, ते विसरतं. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराच्या हाती नुसता डबा लागावा, ग्राहकांची माहिती लागू नये, यासाठी ते आहे. आपल्यासाठी तोडता येणारं कुलूप चोरासाठीही तुटतं, बरं का.

मग मालक कोण? नव्यन्यायातल्या रघुनाथ शिरोमणीने यावर फार नेमका विचार केला आहे. काहींचं म्हणणं होतं की जिचा मनाजोगा उपयोग करता येतो ती वस्तू आपली. रघुनाथाचा आक्षेप असा की खाता तर दुसऱ्याचं अन्नही येतं! म्हणून त्याने स्वत्व हा वेगळा पदार्थच मानला. उपयोग आहे, पण मालकी नाही, हे त्याचं उदाहरण. आमच्या घरात नेमकं उलटं झालंय. मालकी आहे, उपयोग नाही.

या उलट्या बाजूचा निवाडा शोधायला लांब जायला नको. आपल्या जुन्या गिरणीचाच खटला आहे. १९४९ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी बंद पडली. १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून, मग कायदा करून, कारभार हाती घेतला आणि आपले संचालक नेमले. कागदावर भागधारकांची मालकी तशीच राहिली. सरकारचं म्हणणं, आम्ही मालमत्ता घेतलीच कुठे? द्वारकादास श्रीनिवास या भागधारकाच्या दाव्यात डिसेंबर १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. ताबा आणि कारभार गेल्यावर नुसतं मालकीचं नाव उरलं, तर ते मालमत्ता हिरावणंच आहे, असा त्याचा आशय. पुढे १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने सरकारने ही वाट अरुंद केली, तेही सांगायला हवं. पण कायदा बदलला म्हणून विचार चुकीचा ठरत नाही.

तो विचार इथे लावून बघा. कंपनीने डबा दिला, कागद दिला, नियंत्रण मात्र ठेवून घेतलं. द्वेषाने नाही, निष्काळजीपणाने. माझी टीका आहे ती इथे. आपण दिलेल्या वस्तूवरचं नियंत्रण सोडणं हा देण्याचाच भाग आहे, हे आपल्या कंपन्यांच्या गावीच नाही.

आपल्या शेतकऱ्याला मात्र हे पक्कं ठाऊक असतं. कर्ज फिटलं म्हणून तो घरी बसत नाही. बँकेचा दाखला घेऊन तलाठ्याकडे जातो आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरवून घेतो. गाडीचे हप्ते फिटले की आरसीवरची बँकेची नोंदही काढावी लागते. लॅपटॉपवरही असा बोजा असतो, फक्त तो दिसत नाही.

म्हणून नोकरी सोडताना यंत्र विकत घेत असाल तर तीन गोष्टी पदरात पाडून घ्या. एक, कंपनीने आपला मजकूर पुसून यंत्र कोरं करून द्यावं. दोन, यंत्र कंपनीच्या यादीतून काढल्याचं लेखी द्यावं. तीन, नवी रिकव्हरी की तुमच्या स्वतःच्या खात्यात जाऊ द्या, आणि कागदावर उतरवून कपाटात ठेवा. कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर तिचा कारभार लिक्विडेटरकडे असतो, अर्ज त्याच्याकडे करायचा. सोबत पत्र, पगाराची पावती आणि यंत्राचा अनुक्रमांक जोडायचा.

पुतणीने जुन्या संचालकांना असाच अर्ज केलाय. उत्तर अजून आलेलं नाही. चूक आमचीही आहे. अकरा व्याख्यानांची दुसरी प्रत मी ठेवली नव्हती, आणि तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट असून ४८ आकडे लिहून ठेवायचं सुचलं नाही. सध्या हाताने पुन्हा लिहितोय, चौथं चालू आहे.

प्रश्न असतील तर विचारा.