इंग्रजी कोशांतील चार शेजारी

कंपनीच्या इंग्रजी कागदांचीं मराठी भाषांतरें वाचतांना एक खोड वारंवार आढळते. ‘इन्व्हेस्टमेंट’ शब्द दिसला कीं भाषांतरकार ‘भांडवलाची गुंतवणूक’ असें लिहून मोकळा होतो. आजच्या व्यापारी इंग्रजींत हा अर्थ बरोबर आहे. सतराव्या-अठराव्या शतकांतील वखारवाल्यांची इन्व्हेस्टमेंट मात्र बहुधा निराळी होती. विलायतेस धाडावयाच्या मालाची त्या हंगामाची खरेदी, आणि कधीं तो खरेदी केलेला मालही, असा तिचा अर्थ. दलालांमार्फत विणकरांस आगाऊ रकमा द्यावयाच्या, कापड, नीळ, मिरी जमवावयाची व जहाजें सुटण्यापूर्वीं गांठी बांधून तयार ठेवावयाच्या, असा तो व्यवहार. लढाईमुळें इन्व्हेस्टमेंट अडली, अशा आशयाच्या वाक्यावरून कंपनीचें भांडवल बुडालें असें अनुमान काढतां येत नाहीं. माल मिळाला नाहीं, एवढेंच तें वाक्य सांगतें.

दुसरा घोटाळा लष्करी आहे. किल्ला ‘इन्व्हेस्ट’ करणें म्हणजे चोहोंकडील वाटा रोखून तो कोंडणें. मोर्चे, सुरुंग व तोफांचा मारा ही त्यापुढची पायरी. १६६० सालीं सिद्दी जौहरानें पन्हाळा कोंडला, तेव्हां राजापूरच्या वखारीचा मुख्य रेव्हिंग्टन हा दारूगोळा घेऊन त्याच्या छावणींत गेला व इंग्रजांनीं किल्ल्यावर मारा केला. त्याचें फळ १६६१ सालीं मिळालें: शिवाजी महाराजांनीं राजापूर लुटून वखारवाल्यांस कैद केलें. मालाच्या इन्व्हेस्टमेंटीवर पोट भरणारे लोक किल्ल्याच्या इन्व्हेस्टमेंटींत शिरले ते असे! एकाच वखारीच्या कागदांत दोन्ही अर्थ संभवतात, म्हणून शेजारीं दलाल आहे कीं किल्लेदार आहे हें पाहिल्यावांचून प्रतिशब्द लिहूं नये.

मूळ शब्द लॅटिन ‘वेस्टिस’, म्हणजे वस्त्र. आपल्या ‘वस्त्र’ शब्दाचें व त्याचें मूळ एकच. सैन्यानें किल्ल्यास पांघरुणासारखें वेढणें आणि पैशास मालाचा वेष चढविणें, हे दोन्ही अर्थ त्यांतून निघाले. कोशांत या कुळाच्या मधोमध ‘इन्व्हेस्टिगेट’ बसला आहे, पण तो परका. त्याचें मूळ ‘वेस्टिजियम’, म्हणजे पाऊलखूण. ‘माग काढणें’ हा आपला प्रयोग त्यास हुबेहूब जुळतो.

राहिला ‘इन्व्हेस्टिचर’. यास कोणी ‘राज्याभिषेक’ म्हणतात, म्हणजे वस्त्रांच्या जागीं पाणी घालतात! ‘वस्त्रें देणें’ हा बखरींतला प्रयोग तयार असतां हा खटाटोप कशास? बाळाजी विश्वनाथास १७१३ सालीं व बाजीरावास १७२० सालीं शाहू महाराजांनीं पेशवाईचीं वस्त्रें दिलीं. १७७४ सालीं अवघ्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावाकरितांही तीं साताऱ्याहूनच आणावीं लागलीं. त्या वेळीं सातारच्या गादीच्या हातीं सत्ता उरली नव्हती, तरी वस्त्रें देण्याचा अधिकार तिचाच होता. तेथें ‘अभिषेक’ लिहिल्यास पेशवा स्वयंभू राजा ठरतो, आणि वस्त्रें देणारा छत्रपति वाक्यांतून नाहींसा होतो.